एका रेकॉर्डरवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीतल्या रेकॉर्डरवर कसं बघायचं?

सांजवारा

घरात दोन टीव्ही रेकॉर्डर आहेत. कंपनी एकच, मॉडेलं वेगळी. बाहेरच्या खोलीतला नवा आहे, त्याला राउटरपासून केबल टाकलेली आहे. आतल्या खोलीतला जुना वायफायवर आहे. भिंती जाड असल्यामुळे मध्ये एक रिपीटर (वायफाय पुढे नेणारं उपकरण) लावावा लागलाय. नव्याला ट्यूनर (वाहिनी पकडणारे भाग) जास्त, म्हणून मालिका आणि सामने सगळे त्याच्यावरच रेकॉर्ड होतात. आईला मात्र आतल्या खोलीत पडल्या पडल्या बघायचं असतं. गुडघ्यांमुळे तिला बाहेर फार वेळ बसवत नाही.

दोन्हींच्या मेन्यूत "होम नेटवर्क" चालू केलंय. जुना रेकॉर्डर सुरू केला की त्यात नव्यावरची यादी दिसते. साध्या वाहिन्यांवरचं रेकॉर्डिंग चालतं. एचडी वाहिनीवरचं लावलं की काही सेकंद गोल फिरत राहतं आणि "हा कार्यक्रम चालवता येत नाही" असं येतं. त्यात आणखी म्हणजे अर्ध्या तासाने अख्खी यादीच गायब होते. जुना बंद करून परत चालू केला की पुन्हा दिसते. शेवटी एक भाग पेनड्राइव्हवर घेऊन जुन्याला लावून पाहिला, तर त्याला फाइल दिसते पण उघडत नाही.

कंपनीच्या मदत केंद्राने "राउटर बदला" एवढंच सांगितलं. बदलण्याआधी इथे विचारावं म्हटलं. आईने रोज मला हाक मारावी लागू नये, एवढंच साधायचंय.

रात्रपाळी

राउटर इतक्यात बदलू नका. आधी दोन्ही रेकॉर्डरच्या नेटवर्क माहितीत जाऊन आयपी पत्ता बघा. पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखेच आहेत का? काही रिपीटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतात, मग पलीकडचं उपकरण दिसतच नाही. आणि जुना चुकून पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडलेला नाही ना? त्या नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

सांजवारा

दोन्हीकडे १९२.१६८.१ आहे, फक्त शेवटचा आकडा वेगळा. पाहुण्यांसाठीचं नेटवर्क बंदच आहे.

तारयंत्र

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत: यादी दिसणं, कार्यक्रम चालणं आणि फाइल नेता येणं. तिन्हींची यंत्रणा वेगळी, म्हणून बिघाडही वेगळे. जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी यादीचं. हे रेकॉर्डर एकमेकांना डीएलएनए नावाच्या पद्धतीने शोधतात. तिच्या मुळाशी यूपीएनपी आहे. रेकॉर्डर चालू झाला की तो २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर, "कोणी आहे का?" असं विचारतो. ज्याच्याकडे रेकॉर्डिंग आहे तो थेट त्यालाच उत्तर देतो. याशिवाय देणारा रेकॉर्डर अधूनमधून आपण होऊन दवंडी पिटतो, की मी अजून आहे. प्रत्येक दवंडीला मुदत असते, आणि ती किमान १८०० सेकंदांची असावी असं त्या पद्धतीतच लिहिलेलं आहे. १८०० सेकंद म्हणजे अर्धा तास! नवी दवंडी कानावर आली नाही तर मुदत संपताच घेणारा रेकॉर्डर त्या नावावर काट मारतो. तुमच्याकडे बरोबर अर्ध्या तासाने यादी जाते, याचा अर्थ सुरुवातीचा प्रश्न पोचतोय, दवंडी पोचत नाहीये.

असं का होतं तेही बघा. वायफायवरचं उपकरण सामायिक पत्त्यावर काही पाठवतं तेव्हा ते आधी राउटरकडे जातं आणि राउटर त्याची पोच देतो. पोच आली नाही तर उपकरण पुन्हा पाठवतं. उलट दिशेला, राउटरकडून वायफायवरच्या सगळ्यांसाठी जे जातं त्याला पोच नसते. एकदा हवेत सोडलं की झालं, कुणाला मिळालं न मिळालं ते कळत नाही. मध्ये रिपीटर असेल तर ते हरवण्याची शक्यता आणखी वाढते. म्हणून आतल्या खोलीतून विचारलेलं बाहेर पोचतं, पण बाहेरची दवंडी आत येत नाही.

उपाय: राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये मल्टिकास्टचं (सगळ्यांना एकदम) युनिकास्ट (एकेकाला स्वतंत्र) करण्याची सोय आहे का बघा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, बहुधा आयजीएमपी या शब्दाच्या आसपास सापडते. ती चालू केली की दवंडी प्रत्येकाला स्वतंत्रपणे, पोच घेऊन जाते. रिपीटरमध्येही तशी सोय असेल तर तिथेही चालू करा.

एचडीचं रात्री लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

मोकळेपान

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही यादी अशीच जाते आणि आजवर सगळे "बंद करून चालू कर" एवढंच सांगत आलेत. अर्ध्या तासाचं कारण पहिल्यांदा कळलं.

पाऊलवाट

एचडीचं कारण वेग असणार. रिपीटर म्हणजे वेग बहुधा निम्मा. साधी वाहिनी सेकंदाला ३ ते ५ मेगाबिटमध्ये भागते, एचडीला ८ ते १५ लागतात. केबल टाका, विषय संपला.

तारयंत्र

पाऊलवाट, केबल टाका हे बरोबर आहे, पण कारण वेग नसावं. वेग कमी पडला तर चित्र सुरू होतं, अडखळतं, चौकोन पडतात, थांबून पुन्हा चालतं. इथे एकही चित्र न दिसता सरळ नकार येतोय. नकार आला की आधी कुलपाकडे बघावं.

अनेक रेकॉर्डर एचडी रेकॉर्डिंग नेटवर्कवरून उघडं देत नाहीत. डीटीसीपी-आयपी नावाचं संरक्षण असतं. देणारा आणि घेणारा आधी एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात, मग किल्ली ठरते, आणि त्यानंतर चित्र एईएस १२८ बिटने कुलूपबंद होऊन निघतं. या तपासणीत दोन अटी अशा आहेत की त्या घरच्या नेटवर्कची मांडणीच तपासतात. पाठवलेलं पाकीट तीनपेक्षा जास्त राउटर ओलांडू शकत नाही, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ७ मिलिसेकंदांच्या आत परत यावं लागतं. रेकॉर्डिंग घराच्या बाहेर, इंटरनेटवरून कुणाला पाठवता येऊ नये हा हेतू. घरातल्या घरात केबलवर हे उत्तर एका मिलिसेकंदाच्याही आत येतं. चांगल्या वायफायवरही जमतं, कारण एकदा हुकलं तरी चाचणी पुन्हा पुन्हा घेता येते. पण मध्ये रिपीटर, त्यात वीज वाचवण्यासाठी डुलक्या घेणारं वायफाय असेल तर वेळ सहज ७च्या वर जाते, आणि काही जुने रेकॉर्डर फार वाट न बघता हात वर करतात. साध्या वाहिन्यांच्या रेकॉर्डिंगला कुलूप नसेल तर ही परीक्षाच होत नाही, म्हणून ती चालतात.

तपासायला सोपं आहे. लॅपटॉप आतल्या खोलीत जुन्या रेकॉर्डरच्या शेजारी ठेवून नव्या रेकॉर्डरच्या पत्त्यावर पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालवा आणि मिलिसेकंद बघा. मग एखादी लांब केबल तात्पुरती जमिनीवरून ओढून जुना रेकॉर्डर थेट राउटरला जोडा आणि एचडी लावून बघा. कायमची केबल टाकण्याआधी एवढं नक्की करा.

जुनंवळण

हे कुलूप कुठून आलं ते माहीत असलं की आजच्या रेकॉर्डरचं वागणं कळतं, म्हणून थोडा इतिहास.

हार्ड डिस्कवाले टीव्ही रेकॉर्डर १९९९ साली अमेरिकेत आले, टिवो आणि रिप्लेटीव्ही. २००१ मध्ये सॉनिकब्लू कंपनीने रिप्लेटीव्ही ४००० काढला. त्याच्या पाठीला नेटवर्कचं भोक होतं! घरातले दोन रिप्लेटीव्ही केबलने जोडले की एकाच्या डिस्कवरचा कार्यक्रम दुसऱ्यावर थेट बघता येत असे. काही कॉपी करायला नको, थांबायला नको. सांजवारा यांना आज जे हवंय तेच, त्या काळात. पण त्यात दोन गोष्टी आणखी होत्या: जाहिराती आपोआप गाळणं, आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्या रिप्लेटीव्हीवाल्याला पाठवणं. बडे स्टुडिओ आणि वाहिन्या त्याच वर्षी कोर्टात गेल्या. २००३ च्या मार्चमध्ये सॉनिकब्लू दिवाळखोरीत गेली. नव्या मालकाने पुढचा ५५०० काढला त्यातून या दोन्ही सोयी काढून टाकल्या. घरातल्या घरात बघण्याची सोय राहिली.

टिवोने दुसरी वाट धरली. २००३ मध्ये त्यांनी वेगळे पैसे घेऊन एका टिवोवरून दुसऱ्यावर कार्यक्रम नेण्याची सोय दिली, पुढच्या वर्षी ती मोफत केली. दोन्ही पेट्या एकाच खात्यावर असायला हव्यात ही अट. इथे कार्यक्रम खरोखर कॉपी होत असे, म्हणजे तो दुसऱ्या डिस्कवर उतरायचा आणि उतरता उतरता बघायला सुरुवात करता यायची. तेव्हाचं ११ मेगाबिटवालं वायफाय प्रत्यक्षात जेमतेम ५ मेगाबिट द्यायचं. उत्तम दर्जात रेकॉर्ड केलेलं असलं की बघणारा कॉपीला गाठायचा आणि चित्र थांबायचं. लोक अर्धा तास आधी कॉपी लावून ठेवत आणि मग बघायला बसत.

पुढे केबल कंपन्यांच्या वाहिन्यांवर खूण येऊ लागली. प्रत्येक कार्यक्रमासोबत एक छोटा आकडा येतो: मुक्त कॉपी, एकदाच कॉपी किंवा कधीच नाही. "एकदाच" अशी खूण असेल तर तुमच्या पेटीवर झालेलं रेकॉर्डिंग हीच ती एकदाची कॉपी. तिथून दुसऱ्या पेटीवर न्यायला बंदी. त्यामुळे एकाच घरातली एकाच खात्यावरची दोन टिवो असूनही अर्धे कार्यक्रम नेता येईनात. ग्राहक फार वैतागले होते. बघायला मात्र ही खूण आडवी येत नाही, कारण बघण्यात नवी प्रत तयार होत नाही. म्हणून टिवोही नंतर थेट बघण्याच्या वाटेला आलं. २०१३ मध्ये आलेल्या टिवो मिनीत तर डिस्कही नव्हती आणि ट्यूनरही नव्हता, सगळं मुख्य पेटीकडून.

रात्रपाळी

जुनंवळण, उत्तम प्रतिसाद. त्यात भर. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने फुकट हवेतून येणाऱ्या डिजिटल वाहिन्यांवरही अशी खूण पाळायची सक्ती २००३ मध्ये ठरवली होती. ६ मे २००५ रोजी तिथल्या अपील कोर्टाने ती रद्द केली. कार्यक्रम घरी पोचल्यानंतर पेटीने त्याचं काय करावं हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने दिलेलाच नाही, असं कोर्टाचं म्हणणं. जपानमध्ये उलट. तिथे २००४ पासून "एकदाच कॉपी" सगळीकडे होती, लोकांच्या तक्रारींनंतर ४ जुलै २००८ पासून "डबिंग १०" आलं: नऊ वेळा कॉपी, दहाव्या वेळी मूळ रेकॉर्डिंग तिकडे हलतं आणि इथून पुसलं जातं.

पाऊलवाट

मला एक कळत नाही. पैसे भरून घेतलेली वाहिनी, माझीच पेटी, माझंच घर. त्यात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायला बंदी कशासाठी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९८४ मध्येच सोनी विरुद्ध युनिव्हर्सल खटल्यात सांगितलं होतं की नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही.

जुनंवळण

तो निकाल वेळ पुढे ढकलून बघण्याबद्दल होता, पाच विरुद्ध चार असा निसटता. प्रती काढून साठवण्याबद्दल किंवा वाटण्याबद्दल तो नाही. ज्यांनी कार्यक्रम बनवले त्यांनी आपलं काम इंटरनेटभर पसरू नये म्हणून काही करावं, यात मला गैर वाटत नाही. मला राग येतो तो पेटी विकताना हे सांगत नाहीत याचा. खोक्यावर "होम नेटवर्क शेअरिंग" मोठ्या अक्षरात, आणि काय शेअर होणार नाही ते कुठेच नाही. ग्राहकाला ते कळायलाच हवं, विकत घेण्याआधी.

तारयंत्र

याच्याशी पूर्ण सहमत. रेकॉर्डर घेण्याआधी एकच गोष्ट विचारावी: ही पेटी दुसऱ्याला फाइल देते, की नुसती दाखवते? दाखवते म्हणजे मूळ पेटी चालू असेपर्यंतच ते रेकॉर्डिंग तुमचं. देते आणि ती फाइल उघडी असेल, तर कुठेही नेता येईल. विक्रेत्याला हे ठाऊक नसतं, पण पेटीच्या मॅन्युअलमध्ये "कॉपी संरक्षण" शोधलं की सापडतं. पेनड्राइव्हवरची फाइल जुन्या रेकॉर्डरवर का उघडली नाही याचं उत्तरही हेच. ती नव्या पेटीच्या किल्लीने बंद आहे आणि ती किल्ली त्या पेटीच्या बाहेर येत नाही. कंपनी एकच असली तरी फरक पडत नाही.

केतकी२

धागा वाचून छातीत धस्स झालं. आमच्याकडे बराच जुना रेकॉर्डर आहे, त्यावर माझ्या लेकीचा टीव्हीवर झालेला नाच आहे. वाहिनीकडे आता तो कार्यक्रम नाही, दुसरी प्रत कुणाकडे नाही. गेल्या काही आठवड्यांपासून डिस्क टकटक आवाज करते. नवऱ्याचं म्हणणं, डिस्क काढून नव्या रेकॉर्डरला लावू. लावू का?

तारयंत्र

केतकी२, नका लावू! दोन कारणं. रेकॉर्डिंग कुलूपबंद असेल तर नवा रेकॉर्डर ते उघडूच शकणार नाही. आणि बरेच रेकॉर्डर अनोळखी डिस्क दिसली की "फॉरमॅट करायचं का?" असं विचारतात. घाईत हो म्हटलं की सगळं गेलं.

टकटक म्हणजे डिस्क अखेरच्या टप्प्यात असू शकते. आजपासून त्या पेटीवर नवं रेकॉर्डिंग बंद करा, वेळापत्रकातली सगळी रेकॉर्डिंगं काढून टाका, उगाच चालू ठेवू नका. पेटीच्या मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं आहेत का?

केतकी२

हो, आहेत. एचडीएमआयसुद्धा आहे. नेटवर्कचं भोकही आहे पण कधी वापरलेलं नाही.

तारयंत्र

मग पहिला प्रयत्न नेटवर्कने. संगणक आणि रेकॉर्डर एकाच राउटरला केबलने जोडा, संगणकावर व्हीएलसी (व्हिडिओ बघण्याचा मोफत प्रोग्राम) उघडून त्यात यूपीएनपीच्या यादीत रेकॉर्डर दिसतो का बघा. रेकॉर्डिंग साध्या वाहिनीवरचं असेल तर उघडं असण्याची चांगली शक्यता आहे. चाललं तर त्यातूनच जतन करून घ्या, दर्जा जसाच्या तसा मिळेल.

नाही जमलं तर त्या तीन भोकांतून. व्हिडिओ कॅप्चरचं छोटं यूएसबी उपकरण मिळतं. पिवळ्या भोकातून चित्र आणि पांढऱ्या-लालमधून आवाज संगणकात घ्यायचा, रेकॉर्डरवर नाच लावायचा आणि पूर्ण वेळ चालू द्यायचा. दर्जा थोडा उतरेल. एचडीएमआयमधून मात्र सहसा होणार नाही, तिथे एचडीसीपीचं कुलूप असतं. आधी लेकीचा नाच, बाकीचं सगळं नंतर. पुढे-मागे उड्या मारू नका, डिस्क वाचणारं डोकं जितकं कमी हलेल तितकं बरं.

मोकळेपान

केतकी२, झालं की इथे नक्की कळवा. वाट बघतोय.

सांजवारा

मधल्या वेळात सांगितलेलं सगळं केलं.

पिंग आतल्या खोलीत कधी ३, कधी ९, मध्येच ४० च्या वरही जातं. लांब केबल जमिनीवरून ओढून जुना रेकॉर्डर राउटरला जोडला, तेव्हा एक मिलिसेकंदही नाही. एचडी लगेच चाललं!! आईने पूर्ण भाग बघितला, मी मुद्दाम हलले नाही तिथून. यादीही जागेवर आहे, केबलवर असताना दोन तासांत एकदाही गेली नाही.

"कॉपी करा" असं बटणही आहे, पण एचडीच्या कार्यक्रमांवर ते राखाडी दिसतं. आता कारण कळलंय, त्यामुळे त्याच्या मागे लागत नाही.

प्रश्न एवढाच की भिंतीतून केबल नेणं शक्य नाही. घर भाड्याचं आहे.

पाऊलवाट

विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारी जोडी मिळते. एक अडॅप्टर राउटरजवळ, एक आतल्या खोलीत. खोक्यावर २०० मेगाबिट लिहिलं असलं तर प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली मिळतं, पण एचडीला १५ पुरे. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्डात नको. मोबाइलच्या चार्जरशेजारीही नको. आमच्याकडे तेवढ्यानेच अडखळणं थांबलं.

रात्रपाळी

आतल्या खोलीत अँटेनाची किंवा केबल टीव्हीची कोॲक्सियल तार आधीच गेलेली आहे का? असेल तर मोका हा त्याहून भरवशाचा पर्याय. त्याच तारेवरून नेटवर्क जातं, जुन्या १.१ आवृत्तीतही १७५ मेगाबिटपर्यंत, आणि उशीर कमी. फक्त बाहेरून तार घरात शिरते तिथे फिल्टर लावायचा, म्हणजे तुमचं नेटवर्क शेजाऱ्यांकडे जात नाही. तार डिशची असेल तर मात्र मोका लावू नका. मोका साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ वापरतं आणि डिशकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये असतो. दोन्ही एकमेकांवर येतात.

सांजवारा

तार डिशचीच आहे. मग विजेच्या तारांवरचं बघते. पिंग ७ च्या आत राहील ना?

पाऊलवाट

आमच्याकडे ३-४ असतं. परत करता येईल अशा बोलीवर आणा, लावल्या लावल्या आधी पिंग बघा.

निळावंती१९

उशिरा आले, पण माझी पद्धत पूर्ण वेगळी आहे म्हणून लिहिते. मी बंद पेट्यांचा नादच सोडलाय. घरात दोन एनिग्मा२ रिसीव्हर आहेत. हे खुल्या सॉफ्टवेअरचे टीव्ही रिसीव्हर, लिनक्सवर चालतात आणि विनाकुलूप वाहिन्यांची रेकॉर्डिंगं उघड्या टीएस फाइलीत ठेवतात, मीडिया, एचडीडी, मूव्ही या फोल्डरात. एकाचा फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याची पद्धत) दुसऱ्याला जोडलाय. आतल्या खोलीत यादी उघडली की दोन्हींची रेकॉर्डिंगं एकत्रच दिसतात. चालू असलेलं रेकॉर्डिंगही पहिल्यापासून बघता येतं, बाहेर ते अजून लिहिलं जात असतानाच.

एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही. एक कार्यक्रम म्हणजे एक फाइल नसते. टीएस ही मोठी फाइल, तिच्याच नावाची आणखी पाच छोटी पिल्लं शेजारी असतात. मेटामध्ये कार्यक्रमाचं नाव आणि वाहिनी. ईआयटीमध्ये वर्णन. एपीमध्ये उडी मारायच्या जागा. एससीमध्ये रचना. आणि कट्समध्ये तुम्ही कुठपर्यंत बघितलंत ते, शिवाय तुम्ही टाकलेल्या खुणा. नुसती मोठी फाइल उचलून नेली तर चित्र दिसतं, पण नाव जातं, पुढे-मागे जाताना अडखळतं आणि अर्धवट बघितलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. सहाही एकत्र न्या. फोल्डर सामायिक असेल तर कट्स फाइलही सामायिक असते, त्यामुळे बाहेर अर्धा बघितलेला सिनेमा आत त्याच जागेवरून पुढे चालू करता येतो.

एनएफएस घेतलं कारण विंडोजवाल्या पद्धतीपेक्षा ते या छोट्या प्रोसेसरवर हलकं पडतं. एक काळजी घ्या: बाहेरचा रिसीव्हर पूर्ण झोपला की आतल्याची यादी उघडताना तो लटकतो. ऑटोएफएसने, म्हणजे गरज लागेल तेव्हाच, जोडलं तर हा त्रास बराच कमी होतो.

रात्रपाळी

माझंही तसंच, फक्त माझ्याकडे पेट्याच नाहीत. नेटवर्क ट्यूनर एका कोपऱ्यात, एक छोटा संगणक टीव्हीहेडएंड (वाहिन्या रेकॉर्ड करून घरभर देणारा प्रोग्राम) चालवतो, रेकॉर्डिंग सगळं त्याच्या डिस्कवर. प्रत्येक टीव्हीला कोडी (ते दाखवणारा प्रोग्राम). मग "एका रेकॉर्डरवरून दुसऱ्यावर" हा प्रश्नच उरत नाही, रेकॉर्डर एकच. ८ मेगाबिटची वाहिनी तासाला ३.६ जीबी घेते, त्या हिशेबाने डिस्क घ्यायची. कुलूपबंद वाहिन्यांना हे चालत नाही, तिथे कंपनीची पेटी लागतेच. ज्यांच्याकडे हवेतून किंवा डिशवरून खुल्या वाहिन्या येतात त्यांनी जरूर विचार करावा.

मोकळेपान

निळावंती१९, मोठ्या फाइली नेताना ४ जीबीला कॉपी थांबते. पेनड्राइव्ह नवा आहे.

निळावंती१९

तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. रिसीव्हरवरच एक्स्ट४ (लिनक्सची पद्धत) मध्ये फॉरमॅट करा. त्याआधी पेनड्राइव्हवरचं दुसरीकडे काढून घ्या. खरं तर नेटवर्कने पाठवा ना. १०० मेगाबिटच्या केबलवर ३.६ जीबी पाच-साडेपाच मिनिटांत जायला हवी. रिसीव्हरचा प्रोसेसर जुना असेल तर जास्त लागतील.

केतकी२

नेटवर्कने झालं!!! व्हीएलसीत रेकॉर्डर दिसला, नाच चालला, जतनही झाला. अकरा मिनिटांची फाइल. मध्ये एकदा डिस्कने इतका आवाज केला की मी श्वास रोखून उभी होते. लगेच दोन ठिकाणी कॉपी केली. तारयंत्र, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लेक शाळेतून आल्यावर तिला दाखवणार आहे.

तारयंत्र

फार बरं वाटलं वाचून. पेटी अजून चालतेय तोवर आणखी काही काढायचं असेल तर आजच काढा. आणि ती फाइल संगणकावर एकदा शेवटपर्यंत चालवून बघा, मधे तुटलेली नाही ना. मगच रेकॉर्डर बंद करा.

सांजवारा

केतकी२, अभिनंदन!

माझं: विजेच्या तारांवरचे अडॅप्टर आले. पिंग ४-५, क्वचित ६. एचडी चालतंय. आज आईने स्वतः यादी उघडली, कालचा भाग स्वतः लावला, मला हाक मारली नाही. आता एक शेवटचं. रात्री नवा रेकॉर्डर झोपतो, आणि ती पहाटे उठते तेव्हा यादी नसते.

तारयंत्र

नव्या रेकॉर्डरच्या वीज सेटिंगमध्ये स्टँडबाय दोन प्रकारचा असेल, नेटवर्क जागं ठेवणारा आणि पूर्ण झोपणारा. पहिला निवडा. थोडी जास्त वीज जाईल. किंवा वेळ ठरवून जागं करण्याची सोय असेल तर आईच्या उठण्याआधी दहा मिनिटांची वेळ लावा. त्याच मेन्यूत रात्री आपोआप अपडेट घेण्याची वेळ असते, ती दुपारची करा. नाहीतर पहाटे तो अपडेट घेत बसेल.

सांजवारा

दोन्ही केलं. नेटवर्क जागं ठेवणारा स्टँडबाय निवडलाय, अपडेट दुपारी तीनला. उद्या पहाटे कळेल.